चालत्या प्रेताची कुळकथा

ज्या चित्रपटाने गल्ला जमवला नाही, ज्याला कोणते मोठे पारितोषिक लाभले नाही आणि चित्रपटांच्या इतिहासग्रंथांत ज्याचा उल्लेख आला तर ओझरताच येतो, अशा चित्रपटावर त्रैमासिकाची पाने का खर्ची घालावीत, असा प्रश्न वाचकांस पडणे साहजिक आहे. आमचे उत्तर एवढेच, की इतिहासाच्या अभ्यासकाला ताम्रपट जितका उपयोगी, तितकीच एखाद्या किरकोळ दुकानदाराची फाटकी रोजकीर्दही उपयोगी असते. ताम्रपट लिहिणाऱ्याला आपण इतिहासासाठी लिहितो आहोत याचे भान असते. रोजकीर्द लिहिणाऱ्याला ते नसते, आणि म्हणूनच तिच्यात काळाचा खरा ठसा नकळत उमटून जातो. करमणुकीच्या दुय्यम चित्रपटांचेही तसेच आहे.

आम्ही ज्या चित्रपटाविषयी लिहीत आहोत त्याचे नाव ‘डेड हीट’. न्यू वर्ल्ड पिक्चर्स या अमेरिकी संस्थेने तो १९८८ च्या मे महिन्यात प्रदर्शित केला. स्वस्तातील भयपटांचे अध्वर्यू रॉजर कॉर्मन यांनी १९७० मध्ये ही संस्था स्थापन केली होती आणि १९८३ मध्ये ती विकून टाकली होती. दिग्दर्शक मार्क गोल्डब्लॅट हे मूळचे संकलक. ‘द टर्मिनेटर’ (१९८४) आणि ‘रॅम्बो’चा दुसरा भाग (१९८५) यांच्या संकलनात त्यांचा हात होता, दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट. कथालेखक टेरी ब्लॅक. यांचे धाकटे बंधू शेन ब्लॅक यांनी आदल्याच वर्षी गाजलेला ‘लेथल वेपन’ लिहिला होता. छायालेखक रॉबर्ट योमन पुढे वेस अँडरसन यांच्या चित्रपटांमुळे नावारूपास आले. म्हणजे माणसे हलकी नव्हती. चित्रपट मात्र चालला नाही. चित्रपटगृहांतून तो लवकरच उतरला आणि पुढे चित्रफितींच्या व नंतर तबकड्यांच्या आधारे थोड्या शौकिनांच्या घरी जिवंत राहिला.

कथा थोडक्यात सांगावयास हवी. लॉस एंजेलिस शहरात एका जवाहिऱ्याच्या दुकानावर दरोडा पडतो. दरोडेखोरांवर पोलीस गोळ्यांचा वर्षाव करतात, पण ते पडत नाहीत. शवचिकित्सेच्या वेळी असे आढळते, की या दोघांची शवचिकित्सा यापूर्वीच एकदा झालेली आहे. मेलेली माणसे दरोडे घालीत आहेत. रॉजर मॉर्टिस आणि डग बिगेलो हे दोन पोलीस अंमलदार माग काढीत एका औषध कंपनीत पोहोचतात. तेथे मृतांना उठवणारे एक यंत्र आहे. झटापटीत रॉजर गुदमरून मरतो. डग आणि शवचिकित्सा करणारी तरुणी त्याला त्याच यंत्रावर घालून उठवतात. परंतु या उठण्याला मुदत आहे. सुमारे बारा तासांत त्याचे शरीर सडून विरघळून जाणार. तेवढ्या अवधीत त्याने स्वतःच्या खुनाचा तपास लावावयाचा आहे. मृत्यूनंतर शरीर ताठरते त्या अवस्थेच्या वैद्यकीय नावावर नायकाच्या नावात श्लेष केलेला आहे. शीर्षकही श्लिष्टच. शर्यतीत दोन घोडे एकाच क्षणी रेषा ओलांडतात त्या निकालाला इंग्रजीत हाच शब्द आहे.

स्वतःच्या खुनाचा तपास करणारा माणूस ही कल्पना नवी नव्हती. रुडॉल्फ माटे यांच्या १९५० च्या ‘डी.ओ.ए.’ या चित्रपटात विषप्रयोग झालेला नायक उरलेल्या थोड्या वेळात आपला मारेकरी शोधतो. तथापि तो निदान जिवंत असतो. टेरी ब्लॅक यांनी त्याला एक पायरी पुढे ढकलले. या चित्रपटातील मृत पोलिसाच्या स्वभावाचे मर्म समजण्यासाठी मात्र आपल्याला लॉस एंजेलिस सोडून कॅरिबियन समुद्रातील हैती या देशात जावे लागेल.

ज्याला आज जग ‘झाँबी’ म्हणते त्या चालत्या प्रेताचे मूळ गाव हैती. १६९७ च्या तहाने हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिम भाग फ्रान्सच्या ताब्यात आला. सॅं-दोमँग या नावाने ओळखली जाणारी ही वसाहत अठराव्या शतकाच्या अखेरीस जगातील सर्वांत किफायतशीर वसाहत ठरली. १७८९ च्या सुमारास तेथे आफ्रिकेतून आणलेले व त्यांच्या वंशातले मिळून सुमारे पाच लाख गुलाम उसाच्या व कॉफीच्या मळ्यांत राबत होते. मृत्यूचे प्रमाण इतके भयंकर होते, की मळे चालू ठेवण्यासाठी सतत नवे गुलाम आणावे लागत. या लोकांची श्रद्धा अशी होती, की मरणानंतर आत्मा समुद्र ओलांडून आफ्रिकेतील पूर्वजांकडे परत जातो. मरण म्हणजे सुटका. मग सर्वांत मोठे भय कोणते? तर मरूनही न सुटण्याचे. कोणी मांत्रिकाने प्रेत थडग्यातून उठवून पुन्हा मळ्यात जुंपण्याचे. हैतीच्या लोकांना झाँबीची भीती वाटत नाही, झाँबी होण्याची भीती वाटते, हे निरीक्षण अभ्यासकांनी वारंवार नोंदवले आहे.

१७९१ मध्ये गुलामांनी बंड केले आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. पुढे १९१५ मध्ये अमेरिकेच्या नौसैनिकांनी देश व्यापला आणि १९३४ पर्यंत तो सोडला नाही. या काळात रस्ते बांधण्यासाठी शेतकऱ्यांना वेठीस धरण्याची जुनी पद्धत पुन्हा सुरू करण्यात आली. दोरीने बांधून कामावर नेल्या जाणाऱ्या माणसांना आजोबांच्या गुलामीची आठवण झाली नसती तरच नवल. याच काळात विल्यम सीब्रुक हा अमेरिकी प्रवासी लेखक तेथे गेला आणि १९२९ मध्ये त्याचे ‘द मॅजिक आयलंड’ हे पुस्तक निघाले. पाश्चात्त्य वाचकवर्गात झाँबी रूढ झाला तो मुख्यतः या पुस्तकामुळे.

सीब्रुकने एका हैती शेतकऱ्याच्या तोंडून ऐकलेली एक हकीकत दिली आहे. १९१८ च्या हंगामात एका अमेरिकी साखर कंपनीला मजूर हवे होते. एका मुकादमाने निर्विकार चेहऱ्याच्या, फाटक्या वस्त्रांतल्या माणसांची टोळी आणली. ते बोलत नसत, थकत नसत. मजुरी मुकादम घेई. त्यांना खाऊ घालताना एकच पथ्य होते : अन्नात मीठ पडता कामा नये. एका सणाला मुकादमाच्या बायकोला त्यांची दया आली. तिने त्यांना गुळाच्या चिक्कीसारखा गोड पदार्थ घेऊन दिला. त्यातील दाणे खारवलेले होते. मिठाची चव जिभेला लागताच आपण मेलेलो आहोत हे त्यांना उमगले, आणि ते सर्व रांगेने आपल्या गावाच्या डोंगराकडे, आपापल्या थडग्यांकडे चालू लागले.

ही गोष्ट खरी की खोटी हा प्रश्न येथे गौण आहे. आम्हांस तिच्यातील मिठाने थांबवले. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज शिंदे, होळकर, गायकवाड किंवा निजाम यांच्या चाकरीच्या निमित्ताने घरापासून दूर आले आणि ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा त्या चाकरीचा धर्म मानून राहिले. आपल्याकडे मीठ चाकराला धन्याशी बांधते. हैतीत तेच मीठ गुलामाला धन्यापासून सोडवते. ज्याने आपखुशीने चाकरी पत्करली त्याची म्हण निराळी आणि ज्याला साखळदंडात आणले त्याची म्हण निराळी. जागणे हा शब्द मात्र दोन्हीकडे लागू पडतो.

पुस्तकापाठोपाठ १९३२ मध्ये हॅल्पेरिन बंधूंचा ‘व्हाइट झाँबी’ आला. बेला लुगोसी त्यात हैतीतील साखर कारखान्याचा मालक आहे आणि त्याचे मजूर म्हणजे उठवलेली प्रेते. चरकात एक मजूर कोसळतो, आणि बाकीचे न थांबता, न पाहता चरक फिरवीत राहतात. हे दृश्य आजही अंगावर येते. १९३८ मध्ये झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेने हैतीवरील आपल्या ग्रंथात झाँबी समजल्या जाणाऱ्या एका स्त्रीचे छायाचित्रही प्रसिद्ध केले.

भयाला हसण्याची प्रथाही याच सुमारास पडली. बॉब होप यांच्या ‘द घोस्ट ब्रेकर्स’मध्ये (१९४०) क्यूबातील वाड्यात झाँबी आहे, १९४५ च्या ‘झाँबीज ऑन ब्रॉडवे’त तर खुद्द लुगोसीच विनोदाला सामील झाले. १९४८ मध्ये अ‍ॅबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीची गाठ फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाशी घालून देण्यात आली. दोन मित्र, एक घाबरट व एक शहाणा, आणि समोर भूत, हा साचा तेव्हापासून पक्का झाला.

१९६८ मध्ये मात्र सारेच पालटले. पिट्सबर्गच्या जॉर्ज रोमेरो यांनी सुमारे सव्वा लाख डॉलरांहूनही कमी खर्चात ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला. त्यांच्या प्रेतांना धनी नाही. ती कोणासाठी राबत नाहीत. ती केवळ भुकेली आहेत आणि जिवंत माणसे खातात. चित्रपटात त्यांना झाँबी म्हटलेलेही नाही. ते नाव प्रेक्षकांनी चिकटवले. अखेरीस रात्रभर तग धरणारा कृष्णवर्णीय नायक सकाळी बंदूकधारी शोधपथकाच्या गोळीला बळी पडतो. १९७८ च्या ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये त्यांनी तीच प्रेते एका भव्य बाजारसंकुलात फिरवली. येथून पुढे झाँबी म्हणजे खाणारा जमाव, हा अर्थ रूढ झाला. राबणारा गुलाम विस्मरणात गेला आणि हैतीचे नाव पुसले गेले.

दुसरीकडे पोलिसांच्या जोडीचाही एक स्वतंत्र वंश आहे. कुरोसावा यांच्या ‘स्ट्रे डॉग’मध्ये (१९४९) एक तरुण आणि एक अनुभवी पोलीस हरवलेल्या पिस्तुलाचा माग काढतात. १९६७ च्या ‘इन द हीट ऑफ द नाइट’मध्ये कृष्णवर्णीय व गौरवर्णीय अंमलदार एका खुनाचा तपास करतात. १९८२ च्या ‘फॉर्टी-एट अवर्स’ने पोलीस आणि कैदी यांची जोडी जुळवली व तिला विनोदाची फोडणी दिली, १९८७ च्या ‘लेथल वेपन’ने हा प्रकार कमालीचा लोकप्रिय केला. स्वभावाने विजोड दोघे प्रथम कुरकुरतात आणि मग एकमेकांसाठी जीव धोक्यात घालतात. टेरी ब्लॅक यांनी यातील एकाला खरोखरच मृत केले आणि दोन वंशांची सोयरीक जुळवली.

ही सोयरीक विशोभित होण्याचा धोका होता, आणि काही ठिकाणी ती तशी झालीही आहे. डगची भूमिका करणारे जो पिस्कोपो हे दूरचित्रवाणीवरचे विनोदी नट. त्यांच्या तोंडची वाक्ये पुष्कळदा पोरकट आहेत. चायनाटाउनमधील खाटकाच्या दुकानातील प्रसंग, जेथे सोललेली बदके व टांगलेली धडे यंत्राच्या प्रभावाने उठून हल्ला करतात, किळसवाणा आहे आणि तरी हसवतो. रॉजरच्या भूमिकेतील ट्रीट विल्यम्स मात्र सारा खेळ गांभीर्याने करतात. सिडनी ल्युमेट यांच्या ‘प्रिन्स ऑफ द सिटी’त (१९८१) त्यांनी पोलिसाचीच भूमिका केली होती. येथे त्यांचा चेहरा तासातासाने सडत जातो, कातडी सुटते, परंतु कामावरचे लक्ष ढळत नाही. विल्यम्स यांचे २०२३ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात निधन झाले. त्या वेळी बऱ्याच रसिकांना या विस्मृत भूमिकेची पुन्हा आठवण झाली.

दुय्यम भूमिकांची निवड तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने केल्यासारखी आहे. औषध कंपनीचा मृत मानला गेलेला धनाढ्य मालक म्हणजे व्हिन्सेंट प्राइस. १९६४ च्या ‘द लास्ट मॅन ऑन अर्थ’मध्ये ते पृथ्वीवर उरलेले शेवटचे जिवंत मनुष्य होते, तो चित्रपट रिचर्ड मॅथिसन यांच्या ज्या १९५४ च्या कादंबरीवर आधारलेला होता, तिचे ऋण रोमेरो यांनीही मान्य केले आहे. मुख्य शवचिकित्सक, जो खरा सूत्रधार निघतो, तो डॅरेन मॅकगॅव्हिन यांनी रंगवला आहे. सत्तरच्या दशकात दूरचित्रवाणीवर भुताखेतांचा माग काढणाऱ्या वार्ताहराच्या भूमिकेने ते घरोघरी पोहोचले होते. खाटीक दुकानाचा मालक म्हणजे की ल्यूक, १९३० च्या दशकातील चार्ली चॅन चित्रपटांतील थोरला मुलगा.

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. ‘डेड हीट’मधील प्रेते रोमेरोची नाहीत. ती कोणाला खात नाहीत. ती दुसऱ्यासाठी काम करतात. गोळ्या झेलून दरोडे घालावयाचे आणि लूट मालकाच्या पदरात टाकावयाची, एवढाच त्यांचा उपयोग. आणि त्या व्यवहारातून काय साधावयाचे आहे? तर श्रीमंतांना अमरत्व विकावयाचे आहे. प्राइस यांचे पात्र निवडक धनिकांपुढे या योजनेची शिफारस करते. ज्यांच्यापाशी पैसा आहे त्यांनी का मरावे, असा एकूण सूर असतो. म्हणजे एकाच यंत्रावर गरीब मेला तर मजूर होऊन उठतो आणि श्रीमंत मेला तर मालक होऊनच उठतो. १९३२ च्या साखर कारखान्यातला चरक छप्पन्न वर्षांनी औषध कंपनीत येऊन पुन्हा फिरू लागला. लेखकाने हैतीचा विचार केला होता की नाही हे महत्त्वाचे नाही; जुनी भीती आपला मार्ग आपणच शोधते.

त्याच १९८८ मध्ये, फेब्रुवारी महिन्यात, वेस क्रेव्हन यांचा ‘द सर्पंट अँड द रेनबो’ आला होता, हा योगायोगही लक्षात घेण्यासारखा आहे. वेड डेव्हिस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या १९८५ च्या पुस्तकावर तो आधारलेला आहे. विशिष्ट माशातील विषाने माणसाला मृतवत करून पुढे राबवून घेतले जाते, असे डेव्हिस यांचे प्रतिपादन होते. त्यावर शास्त्रज्ञांनी कडक आक्षेप घेतले. ते काही असो, एक चित्रपट उघडपणे हैतीत गेला व दुसरा नकळत तेथे पोहोचला.

शेवटाकडे डगही मारला जातो. शवचिकित्सक त्याला उठवतो. मेंदू बराच वेळ मृत राहिल्याने त्याची ओळख पुसली गेली आहे, तो केवळ हुकुमाचा ताबेदार आहे, असे मानून तो त्याला रॉजरच्या अंगावर सोडतो. रॉजर त्याला जुन्या ओळखीची साद घालीत राहतो, आणि तो जागा होतो. येथे मिठाचे काम मैत्रीने केले आहे. त्यानंतर दोघांपुढे एक मोह उभा राहतो : यंत्र हाताशी आहे, पुनःपुन्हा उठता येईल. ते यंत्र मोडून टाकतात आणि गप्पा मारीत प्रकाशात चालू लागतात. ‘कॅसाब्लांका’च्या (१९४२) सुप्रसिद्ध अखेरच्या वाक्याची उलटापालट करून चित्रपट संपतो. सीब्रुकच्या हकीकतीतील टोळी डोंगराकडे निघते, तेच हे चालणे.

वाचकांस येथे वेताळाची आठवण झाली असेल. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा राजा त्रिविक्रमसेन एका भिक्षूच्या सांगण्यावरून स्मशानातील झाडावरचे प्रेत खांद्यावर घेतो, पुढे हाच राजा लोककथांत उज्जैनचा विक्रम झाला. प्रेतातील वेताळ बोलका आहे, चतुर आहे, थट्टेखोर आहे. राजाला तो पुनःपुन्हा कोड्यात टाकतो, आणि अखेर भिक्षूला आपल्या सिद्धीसाठी दोघांचाही उपयोग करून घ्यावयाचा आहे हे सांगून राजाचा जीव वाचवतो. एक जिवंत, एक मृत, दोघांवर एक कामगिरी, वाटेत सतत वादावादी, आणि शेवटी कामावर धाडणाऱ्याचाच डाव उधळणे! रॉजर मॉर्टिस हा मुक्या झाँबीपेक्षा आपल्या वेताळाच्या अधिक जवळचा आहे, असे आम्हांस वाटते. गोव्यात आमोणे, लोलये येथे बेताळ ग्रामदेव म्हणून पूजला जातो. मृतांच्या जगाशी शेजारधर्म राखण्याची ती आपली रीत.

मराठी पडद्यानेही भय आणि हसू यांची ही गाठ मारली आहे. १९९३ च्या महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’त मरणारा गुंड मंत्राने बाहुल्यात शिरतो आणि पोलीस त्याच्या मागावर असतात, त्या कल्पनेचे नाते पुन्हा १९८८ च्याच ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटाशी आहे. २०१३ मध्ये ‘गो गोवा गॉन’ने झाँबींना गोव्याच्या किनाऱ्यावर आणले, आणि २०२२ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ने त्यांना डोंबिवलीत उतरवले. त्या चित्रपटात उंच इमारतीतील मध्यमवर्ग आणि शेजारची झोपडपट्टी यांच्यातील पाण्याचा प्रश्न केंद्रस्थानी आहे. म्हणजे तेथेही कोण कोणासाठी राबतो आणि कोण कोणाला वाऱ्यावर सोडतो, हा जुना प्रश्न निघालाच.

‘डेड हीट’ ही थोर कलाकृती आहे असा आमचा दावा नाही. अर्धा विनोद फसलेला आहे, आणि ज्यांना रक्तमांसाची किळस आहे त्यांनी त्याच्या वाटेस जाऊ नये. परंतु मळ्यातला गुलाम, साखर कारखान्यातला मजूर, औषध कंपनीतला दरोडेखोर आणि बारा तासांची मुदत मिळालेला पोलीस यांची एक सलग साखळी या दीड तासाहूनही लहान चित्रपटातून हाती लागते. तिच्या पहिल्या टोकाशी ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात नोंदली गेली नाहीत अशी लाखो माणसे उभी आहेत. मेल्यावर तरी आपल्याला आपल्या घरी जाऊ द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती.